गेंड्याचं माहेर

"यापुढे आफ्रिकेचं तांबं उघडंनागडं परदेशी जाणार नाही!" असं मंत्रिमहोदयांनी किट्वेच्या मैदानावर जाहीर केलं, तेव्हा इतिहासाचं पान उलटल्याचा आवाज आम्हा सर्वांना स्पष्ट ऐकू आला. "ज्या खाणी आमच्या भूमीचं पोट खणतात, त्यांना लागणारा नट, बोल्ट, पंप, पट्टा, बूट, हातमोजा, सगळं इथंच बनेल. किट्वेत बनेल ते लुबुंबाशीला जाईल, लुबुंबाशीत बनेल ते दार-ए-सलामला जाईल. आमचं तांबं आता कपडे घालून घराबाहेर पडेल!"

"कपडे बेंबांना शिवायला देऊ नका," मागच्या रांगेतून शोंगा ओरडला. "एक बाही विसरतील!"

मंत्री बेंबा जमातीचे, शोंगा न्गोनी. त्यामुळे मंत्र्यांना हसणं भाग होतं. ते पोट धरून हसले, हसता हसता भाषणाचा कागद वर-खाली झाला, आणि मग आधीचंच पान त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इतिहासाचं पानही बहुधा तिथंच परत उलटलं असावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. फार पूर्वी बेंबा आणि न्गोनी या दोन जमाती भाले घेऊन एकमेकांवर धावल्या. धड कुणीच जिंकलं नाही. उरलेली लढाई तोंडानं लढायची असं ठरलं, ती अजून चालू आहे. हे आमच्याकडचं थट्टेचं नातं. न्गोनी बेंबाला माकडखाऊ म्हणतो, बेंबा न्गोनीला उंदीरखाऊ म्हणतो, दोघंही एकमेकांना आपला गुलाम म्हणतात. एकानं दुसऱ्याच्या ताटातलं उचललं, अंगावरचा कोट काढून नेला, मयताच्या घरी जाऊन मेलेल्याची नक्कल केली, तरी राग मानायचा नाही. राग मानला तर तो हरला. मी लांबा जमातीचा. म्हणजे ज्यांच्या जमिनीखाली हे तांबं सापडलं त्यांच्यापैकी. आमची थट्टा सगळेच करतात, त्याला नात्याची गरज लागत नाही.

तर कायदा आला. खाणीनं मालाचा अमुक एक हिस्सा स्थानिक कारखान्यांकडूनच घ्यायचा, अशी सक्ती झाली, आणि किट्वेत भराभर कारखाने उगवले. कारखाना म्हणजे काय, तर एक पाटी, एक टेबल आणि परदेशातला एक मेहुणा. मेहुणा तयार माल पाठवायचा, टेबलावर त्याला स्थानिक रंग लागायचा, पाटीवर लिहिलेलं असायचं 'उत्पादक'. एका गृहस्थानं तर पंप 'बनवायला' घेतले होते आणि पंपाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे त्यांना त्यांच्या गिऱ्हाइकानं दाखवलं. यामुळे गावाला एक सवय लागली. कुणी म्हणालं, आम्ही अमुक बनवतो, की ऐकणारा एक डोळा बारीक करायचा.

सगळ्यात जास्त डोळे बारीक झाले ते बाना न्सोफ्वावर.

बाना न्सोफ्वा म्हणजे न्सोफ्वाची आई. तिचं स्वतःचं नाव तिच्या नवऱ्यालाच ठाऊक होतं, आणि तो वारला. जुन्या औद्योगिक वसाहतीत उंच भिंतीआड तिचा कारखाना. ती रूळ बनवते असं म्हणायची. खाणीत खनिज वाहून नेणारा जो लांबलचक रबरी पट्टा असतो, तो ज्या लोखंडी रुळांवरून सरकतो ते रूळ. हजारोंनी लागतात, आणि एक अडकला की पट्टा फाटतो. कालेवा खाणीकडे तिनं आपल्या नावानं रुळांच्या कामासाठी अर्ज केला होता. ते काम मिळालं नाही तर महिनाअखेर कारखान्याला कुलूप लागणार, असं ती स्वतःच सांगत फिरायची. आत काम करणारे वीस-बावीस वेल्डर आणि लेथवाले तर आधीच चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसायला लागले होते.

पण गाव विचारायचं, कुलूप लागेल म्हणजे, आत काही आहे का?

संशयाला कारणं होती. फाटक कायम बंद. कुणाला आत घेत नाही. त्यात तो ट्रक. महिन्यातून एकदा, रविवारी, सगळं किट्वे प्रार्थनेला गेलेलं असताना दक्षिणेकडच्या नंबरपाटीचा एक ट्रक तिच्या फाटकाशी उभा असायचा, ताडपत्रीखाली खच्चून भरलेला. ज्यांनी पाहिला ते त्या वेळी चर्चमध्ये नव्हते हे उघड होत असल्यानं त्यांना मोठ्यानं बोलता येत नव्हतं. हळू आवाजात मात्र सगळे बोलायचे.

"तयार रूळ येतात दक्षिणेकडून," आमच्या व्यापारी मंडळाचे चिटणीस मला म्हणाले. मला सगळे मुदाला, म्हणजे म्हातारबा, म्हणतात. "ही नुसता रंग फासते. मुदाला, तुम्ही पंच म्हणून जा तपासणीला. तुम्ही निवृत्त, तुमचं कुणाशी देणंघेणं नाही."

"आणि मी लांबा," मी म्हणालो.

"तेही आहेच."

मला पाठवायचं खरं कारण दुसरं होतं, ते चिटणीस बोलले नाहीत. खाणीचा तपासनीस होता शोंगा. तोच मागच्या रांगेतला. न्गोनी तपासनीस आणि बेंबा कारखानदारीण. आता यांच्यात तपास व्हायचा कसा? एकदा तो गेला होता, त्याची हकिकत साऱ्या बाजाराला पाठ होती. त्यानं फाटकातूनच हाक मारली, "काय गं माझे गुलाम, हे रूळ कुठून चोरलेस?" ती आतून म्हणाली, "तुझ्या राजाच्या उंदरांच्या कोठारातून." तो म्हणाला, "खरं सांग." ती म्हणाली, "खरं ऐकायला कान लागतात, तुमच्याकडे शेपट्या." मग दोघंही मनसोक्त हसले, तिनं त्याला फाटकाबाहेरच मक्याचं गोड मुनकोयो पाजलं, आणि तो तपास पूर्ण करून परत गेला. तपासात काय आढळलं असं वरिष्ठांनी विचारलं, तर त्याला सांगता येईना. थट्टेच्या नात्यात केलेला आरोप आरोप नसतो, दिलेली कबुली कबुली नसते.

म्हणून या खेपेला खाणीचे खरेदीप्रमुख स्वतः आले. इमासिकू साहेब. लोझी जमातीचा माणूस, म्हणजे शिष्टाचाराचा पुतळा. भेटल्यावर गुडघे किंचित वाकवून हलकेच टाळ्या वाजवून नमस्कार करणार, आणि मग नकार देणार. त्यांच्या मोटारीच्या मागच्या सीटवर, पट्टा बांधून बसवलेला, एक रूळ होता. त्याच्या टोकावर गेंड्याचं चित्र.

गेंडा छाप रूळ आमच्याकडे सगळ्यांना माहीत. दक्षिणेकडच्या एका बड्या व्यापाऱ्याचा माल. कालेवा खाणीनं तो घ्यायला सुरुवात केली ती इमासिकू साहेबांच्याच शिफारशीनं. त्यांनी या रुळावर परिषदांमधून भाषणं दिली होती. 'गुणवत्ता ही एक संस्कृती आहे' हे वाक्य ते गेंड्यावर हात ठेवून म्हणत.

त्या दिवशी फाटक उघडलं. पहिल्यांदाच. मी आत शिरताना एक डोळा बारीक करूनच शिरलो.

आत लेथ होते. जुने, कुठल्यातरी बंद पडलेल्या खाणीच्या वर्कशॉपमधले, पण तेल पाजलेले. पोलादी नळ्या होत्या. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. माझा संशय उलट वाढलाच. इतकं सगळं जागच्या जागी? पाहुणे येणार म्हणून मांडलेलं तर नाही? मी एका लेथवाल्याला विचारलं, "किती दिवस झाले इथं?" तो बाना न्सोफ्वाकडे पाहून म्हणाला, "पुष्कळ." हे 'पुष्कळ' मला मुळीच आवडलं नाही.

"नळी बाहेरची," शोंगा मोठ्यानं म्हणाला, "बेअरिंग बाहेरचं, रंग बाहेरचा. मग यात स्थानिक काय गं माकडखाऊ? नळीतलं भोक?"

"भोक तुझ्या डोक्यातून काढलं," ती म्हणाली. "मोकळी जागा भरपूर मिळाली."

वेल्डर हसले. इमासिकू साहेबांनी शिष्टाचारापुरतं स्मित केलं आणि घसा साफ केला.

"बाना न्सोफ्वा, मला तुमच्या कष्टांचा आदर आहे," ते म्हणाले. आदर म्हटल्यावर सगळ्यांनी ओळखलं की नकार येतोय. "पण नियम असा, की रुळांचा पुरवठा करणाऱ्याला खाणीला रूळ पुरवण्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा."

"साहेब, खाण स्थानिकाला काम देत नाही, मग स्थानिकाला अनुभव कुठून येणार?"

"तो प्रश्न रास्त आहे. तो मी पुढच्या परिषदेत मांडेन." त्यांनी मोटारीतून रूळ मागवला आणि टेबलावर मऊ फडक्यावर ठेवला. "हे पाहा. याला म्हणतात काम. फिरवा, शोंगा."

शोंगानं गेंडा छाप रूळ दोन हातांत उभा धरून फिरवला. तो बराच वेळ फिरत राहिला, आवाज नाही. मग त्यानं बाना न्सोफ्वाचा रूळ घेतला, फिरवला. तोही फिरत राहिला.

"ऐकलंत?" इमासिकू साहेब म्हणाले. "तुमचा जरासा खरखरतो."

मी कान देऊन ऐकलं होतं. मला दोन्हींत काडीचा फरक कळला नव्हता. पण आमच्याकडे साहेबाला ऐकू आलेला आवाज सर्वांना ऐकू येतो. चिटणीसांनी सोबत पाठवलेले दोघे व्यापारी माना डोलावून म्हणाले, "हो, खरखरतो बुवा." एकाला तर वासही आला.

बाना न्सोफ्वा त्या गेंड्याकडे बघत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्याच मुलाला दुसऱ्याच कुणी स्वतःचं म्हणून बक्षीस घ्यायला पाठवावं, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. त्या वेळी मला वाटलं की पकडली गेली म्हणून चेहरा पडला.

मग ती साहेबांकडे न बघता शोंगाकडे वळली. कमरेवर हात ठेवले.

"ए उंदीरखाऊ. तुझ्या नाकाखालचं तुला दिसत नाही. हा गेंडा इथलाच आहे. हे त्याचं माहेर."

हशा.

"हसू नकोस, दात पडतील, मग उंदीर कशानं खाशील? हाच लेथ, हीच माणसं. दर महिन्याला ट्रक भरून नेतो तो तुमच्या साहेबांचा व्यापारी. सीमेपलीकडे नेतो, गेंडा चिकटवतो आणि तुम्हालाच आणून विकतो. अनुभव पाहिजे ना? तुमचाच पट्टा इतकी वर्षं माझ्या रुळांवर झोपलाय, विचार त्याला!"

हशा आणखी वाढला. व्यापारी डोळे पुसत होते. इमासिकू साहेबसुद्धा हसले, कारण थट्टेच्या नात्यात बाहेरच्यानं न हसणं असभ्य. "छान, फार छान," ते म्हणाले. "आमच्या संस्कृतीचं हे वैभव जपलं पाहिजे."

मीही हसत होतो. हसता हसता माझं लक्ष वेल्डरांकडे गेलं. एकही जण हसत नव्हता. मघाशी भोकावरून खिदळणारी माणसं आता चपलांकडे पाहत उभी होती.

तेव्हा माझ्या डोक्यात तो ट्रक उभा राहिला. भरलेला ट्रक फाटकाशी दिसला की आम्ही सगळे धरून चाललो होतो की माल आला. माल गेला असेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आमच्या गावातून जातं ते फक्त तांबं. बाकी सगळं येतं. या गोष्टीची आम्हाला इतकी खात्री, की डोळ्यांदेखत भरला जाणारा ट्रक आम्हाला रिकामा होताना दिसला.

पण मग दुसरा संशय. खरं असेल, तर हे ती सरळ का सांगत नाही? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वेल्डरला मी हळूच विचारलं.

"तोंड उघडलं तर काम बंद, असं गेंड्याच्या व्यापाऱ्यानं लिहून घेतलंय, मुदाला," तो पुटपुटला. "आता त्याला दुसरीकडे स्वस्तात करून देणारा मिळालाय, म्हणजे तेही काम जाणारच. पण शेवटचे पैसे त्याच्याकडे अडकलेत. सांगितलं तर ते बुडाले, नाही सांगितलं तर अनुभव नाही."

म्हणजे बाईनं अशी जागा शोधली होती की जिथं खरं बोलूनही ते बोलल्यासारखं होत नाही. उद्या व्यापारी भांडायला आला, तर ती म्हणणार, अहो, मी तर न्गोनीची थट्टा करत होते, विचारा पंचांना. मला तिचं कौतुक वाटलं आणि लगेच तिच्यावर अधिकच संशय आला. एवढ्या हुशार माणसावर विश्वास ठेवणं बरं नव्हे.

शोंगानं हसणं थांबवलं होतं. तो टेबलावरच्या गेंड्याकडे डोकं तिरकं करून पाहत होता. वीस वर्षं तपासनीस होता, पण आज पहिल्यांदाच त्याला तपास करावासा वाटत होता असं दिसलं.

"माझे गुलाम," तो सावकाश म्हणाला, "तुझं माहेर आहे ना? मग माहेरच्यांना पोरीच्या पोटात काय आहे ते ठाऊक असतं. याच्या पोटात काय आहे?"

"उघड आणि बघ. हात थरथरत असतील तर सांग, मी उघडते."

आणि शोंगानं तो रूळ उचलून काखेत मारला.

"शोंगा!" इमासिकू साहेब पुढे झाले. "ती कंपनीची मालमत्ता आहे."

"साहेब, माफ करा. आमचा घरगुती मामला आहे," शोंगा म्हणाला. "बेंबाच्या घरात आलेली वस्तू मी उचलू शकतो. आजोबांपासून चालत आलेलं आहे. यात पडलात तर पाप लागेल."

इमासिकू साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंच. मी म्हणालो, "रिवाज आहे, साहेब. आत्ताच आपण म्हणालात, जपलं पाहिजे."

त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. लेथवर रूळ चढला. म्हाताऱ्या वेल्डरनं टोकाची झाकणी इतक्या सफाईनं सोडवली की ती त्यानं आधी कधी पाहिली नव्हती असं म्हणणं अवघड होतं. आत बेअरिंग, आणि बेअरिंगपुढे, धूळ आत जाऊ नये म्हणून बसवलेली रबराची जाड चकती. शोंगानं ती बोटानं बाहेर काढली, बाहीला पुसली आणि उन्हात धरली.

चकतीच्या एका बाजूला पिवळ्या रंगात अर्धा पक्षी होता. मोठी वाकडी चोच, चोचीवर शिंग.

कालेवा खाणीचा धनेश आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखेल. खाण आपल्या प्रत्येक पट्ट्यावर ठराविक अंतरावर तो छापते, चोरांनी नेऊ नये म्हणून. झिजलेले पट्टे भंगारात निघतात, लिलावात जातात. बाना न्सोफ्वा दरवर्षी लिलावात पुढच्या रांगेत असायची. गावाला वाटायचं, छपरावर घालायला नेत असेल.

दूर कुठंतरी दुसऱ्या कारखान्यातला हातोडा वाजत होता. दोघा व्यापाऱ्यांना एकदम महत्त्वाची कामं आठवली आणि ते फाटकापर्यंत जाऊन, उत्सुकतेपोटी, परत आले.

इमासिकू साहेबांनी चकती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला वाचता येत होतं, कारण ते फार मोठ्या अक्षरांत चाललं होतं. हे खरं असेल, तर खाणीनं आपलाच फाटका पट्टा भंगाराच्या भावानं विकला, तो रुळाच्या पोटात बसून सीमेपलीकडे गेला, आणि गेंड्याच्या भावानं परत विकत घेतला. शिफारस कुणाची? परिषदा कुणाच्या? आणि संस्कृती म्हणजे नेमकी कुणाची, हे कुणी भर सभेत विचारलं तर?

आणि ही नुसती थट्टा असेल, तर काहीच झालेलं नव्हतं.

"शोंगा," ते अखेर म्हणाले, "हे जे काही इथं बोललं गेलं, ते तुमच्या त्या नात्यात धरायचं ना?"

शोंगानं बाना न्सोफ्वाकडे पाहिलं. तिचे हात अजून कमरेवर होते. तिच्यामागे वेल्डर, लेथवाले, सगळे उभे. तो एक शब्द चुकीचा बोलला असता तर व्यापाऱ्याकडचे पैसेही गेले असते आणि खाणीचं कामही.

"धरायचंच, साहेब," शोंगा म्हणाला. "बेंबा कधी खरं बोलतात का? पण रूळ फिरतोय. तो न्गोनी नाही, बेंबा नाही. तो थट्टा करत नाही."

"मुदाला?" साहेबांनी मला विचारलं.

माझा संशय अजून पुरता गेला नव्हता, तो जायचा नाहीही. पण मला दोन्ही रूळ सारखेच ऐकू आले होते, आणि या क्षणी ते सांगायला कुणाची हरकत दिसत नव्हती. "साहेब, मघाची ती खरखर," मी म्हणालो, "मला वाटतं, शेजारच्या कारखान्याची होती."

"बरोबर," एक व्यापारी म्हणाला. "मी म्हणणारच होतो."

इमासिकू साहेबांनी चकती रुमालात गुंडाळून खिशात घातली. मग ते टेबलाशी बसले, पेन काढलं आणि म्हणाले, "अनुभवाच्या अटीबाबत पंचांचं समाधान झालेलं दिसतं. माझंही झालं आहे, असं समजू. पुढच्या महिन्यापासून पट्ट्यांचे रूळ तुमच्या नावानं."

त्यांनी सही केली. वेल्डरांतल्या एकानं शीळ घातली, म्हाताऱ्यानं त्याला गप्प केलं. बाना न्सोफ्वानं गुडघे टेकून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, आमच्याकडे आभार असेच मानतात. शोंगा म्हणाला, "माझ्यापुढेही टेक की." ती म्हणाली, "तुझ्यापुढे टेकायला मला आधी बीळ शोधावं लागेल."

साहेबांना पोचवायला आम्ही मोटारीपर्यंत गेलो. मागच्या सीटवर सुटा झालेला गेंडा पुन्हा पट्टा बांधून बसवला गेला. साहेब आत बसले, काच खाली केली, इकडेतिकडे पाहिलं आणि बोटानं बाना न्सोफ्वाला जवळ बोलावलं.

"एक छोटीशी विनंती होती," ते हळूच म्हणाले. "यापुढे रबर तेवढं दुसऱ्या एखाद्या खाणीचं वापराल का?"